घरांतील शाळा : मातृभोजनापूर्वीं

गेल्या अंकीं आम्हीं वाचकांस असें आश्वासन दिलें होतें कीं, या महिन्याच्या पानावर मुलांच्या हस्ताक्षराचा विचार करूं. त्या लेखाचें टिपणही तयार होतें. परंतु मध्यंतरीं आमच्याच घरांत असें एक प्रकरण घडलें कीं, हस्ताक्षराविषयीं पस्तीस वर्षें आम्ही वर्गांत जें सांगत आलों, त्याचा पायाच आम्हांस तपासून पाहावा लागला. म्हणून आज अक्षर बाजूस ठेवून, तें काढणाऱ्या हाताविषयीं लिहीत आहों.

आमच्या थोरल्या चिरंजीवांच्या मुलास आठवें वर्ष लागलें. गर्भाष्टमांत मुंज व्हावी हा घरचा शिरस्ता. तेव्हां माघांतच गुरुजी मुहूर्त काढावयास आले. वसमत भागांतील माघ म्हणजे हळद शिजविण्याचे दिवस. दाराबाहेर रस्त्यावर हळदीचा उग्र वास, आणि ओटीवर आमची पंचांगाची बैठक. वैशाखांतील दिवस ठरला. उठतां उठतां गुरुजींनीं सहज विचारलें, “मुलगा आपल्या हातानें जेवतो ना? नाहीं, हल्लीं विचारून ठेवतों. मातृभोजन म्हणजे आईच्या हातचें शेवटचें जेवण. पुढें ज्याचें त्यानें जेवावयाचें असतें.”

बायकामंडळींत हंशा पिकला. आम्हीही हंसलों. कारण आमचा नातू त्या दिवसापर्यंत आजीच्या हातानेंच जेवत होता.

गुरुजी गेल्यावर मात्र तो प्रश्न मनांतून जाईना. आमचें घर चौदा माणसांचें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही ओटीवर बसून नुसतें पाहत राहिलों, तों असें दिसलें कीं, मुलास उठवून तोंड धुवून दिलें तें आत्यानें, अंघोळ घातली ती काकूनें, सदऱ्याचीं बटणें लावलीं तीं आईनें, दप्तर भरलें तें चुलत बहिणीनें, घांस भरवले ते आजीनें. आणि पायांत बूट घालून त्याचे बंद बांधले ते कोणीं म्हणाल, तर हें पान लिहिणाऱ्या गृहस्थानेंच! मुलगा मधोमध देवासारखा उभा. षोडशोपचारांपैकीं नैवेद्य आणि वस्त्र आमच्याकडून नित्य पोंचत होतें, इतकेंच.

असा मुलगा मंद असेल असें कोणास वाटेल. पण तसें नव्हे. रामशब्दाच्या सातही विभक्ति तो न अडखळतां म्हणतो, पाढे त्याचे तोंडपाठ, आणि प्रश्न विचारून तर आम्हांस भंडावून सोडतो. मात्र चेंडू झेलतां येत नाहीं, जिना उतरतांना एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकतो, आणि वहीचें पान पाहावें तर पेन्सिलीनें कागद फाटलेला. घरानें त्याचें निदान केलें होतें, “लाडावला आहे.” शाळेनें केलें होतें, “आळशी आहे.” अर्धें निदान खरें होतें, हें पुढें कळलें. तें अर्धें आमचें होतें, मुलाचें नव्हे.

येथें एक कबुली देणें प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत असाच एक मुलगा होता. चुणचुणीत, पण वही म्हणजे शाईचा चिखल. आम्हीं त्याच्या बोटांच्या पेरांवर आडवी पट्टी मारीत असूं, आणि ‘हात वळत नाहीं म्हणजे काय?’ असें विचारीत असूं. तो खालीं पाहून उभा राही. त्यास उत्तर ठाऊक नव्हतें, आणि आम्हांस प्रश्नाचा अर्थ ठाऊक नव्हता. तो मुलगा आज कोठें आहे हें आम्हांस माहीत नाहीं. नातवाच्या वहीचें फाटलेलें पान पाहिलें तेव्हां प्रथम तो आठवला.

सूनबाईंनीं त्या रात्रीं एक चिठी आमच्यापुढें ठेविली. शाळेंत मुलांची तपासणी करणारें सरकारी पथक मार्गशीर्षांत येऊन गेलें होतें, त्यांतील डॉक्टरांनीं ती दिली होती. या योजनेचें नांव राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. तिचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं आपल्याच महाराष्ट्रांत पालघर येथें झाला. अंगणवाडींतील मुलांची वर्षांतून दोनदां व शाळेंतील मुलांची एकदां तपासणी व्हावी, आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांतील जन्मजात व्यंगें, उणिवा, रोग आणि वाढींतील विलंब वेळींच हुडकून काढावे, असा तिचा हेतु. चिठींत लिहिलें होतें, ‘हालचालींतील सुसूत्रता कमी, व्यवसायोपचार-तज्ज्ञांस दाखवावें.’ सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, ही चिठी मीं तेव्हांच दाखविली होती. आपण म्हणालांत, मोठा झाला कीं होईल.” आम्ही तसें म्हणालों होतों. ‘होईल हळूहळू’ हें वाक्य आपल्या घरांतून वडीलधारीं माणसें इतक्या सहज उच्चारतात कीं, त्यांत किती मुलांचीं वर्षें गेलीं असतील याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं.

‘व्यवसायोपचार’ या शब्दानेंच आम्हांस प्रथम अडविलें. आठ वर्षांच्या मुलास व्यवसाय कसला? त्यास सुतारकी शिकवावयाची कीं काय? व्यवसाय म्हणजे धंदा असा अर्थ मराठींत रूढ झाला, त्याचा हा परिणाम. संस्कृतांत मात्र ‘वि’ आणि ‘अव’ हे उपसर्ग लागलेल्या ‘सो’ धातूपासून झालेल्या या शब्दाचा अर्थ निश्चय, प्रयत्न, कांहीं करावयाचें ठरवून तें करूं लागणें असा आहे; गीतेंतही तो निश्चयाच्याच अर्थानें येतो. हा अर्थ घेतला म्हणजे नांव चपखल बसतें. माणसानें दिवसभर ज्या कामांत स्वतःस गुंतवावयाचें, तीं कामें हेंच औषध, आणि तीं कामें स्वतः करतां येणें हेंच आरोग्य. मुलाचे व्यवसाय कोणते? जेवणें, अंघोळ, कपडे, खेळ आणि शाळा.

ही विद्या आपल्याकडे कशी आली ती हकीकत आम्हीं या निमित्तानें वाचून काढली, आणि ती मराठी घराशीं निगडित आहे हें पाहून नवल वाटलें. अमेरिकेंत १९१७ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गांवीं कांहीं थोड्या लोकांनीं एकत्र येऊन या विद्येची पहिली संस्था स्थापिली. त्याच देशांत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी या बाईंनीं विष्णु निंबकर यांच्याशीं विवाह केला, त्या मुंबईस आल्या आणि कमलाबाई निंबकर झाल्या. पुढें अमेरिकेंत जाऊन त्यांनीं व्यवसायोपचाराचें रीतसर शिक्षण घेतलें, आणि १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत या विद्येची शाळा काढली. आशिया खंडांतील ती पहिली. १९५२ सालीं भारतीय व्यवसायोपचारकांची संघटना त्यांच्याच पुढाकारानें झाली. त्याच वर्षीं दहा देशांनीं मिळून जागतिक संघ स्थापिला, त्यांत हिंदुस्थान होता. नागपुरासही १९५८ सालीं अशी शाळा निघाली. फलटण येथें कमलाबाईंच्या नांवाचें बालभवन आहे, तें या पानाच्या कांहीं वाचकांस ठाऊक असेल. १९५० सालीं आमचा मुलूख निजामी अंमलांतून सुटून पुरीं दोन वर्षेंही झालीं नव्हतीं, आणि हिंगोली तर तेव्हां परभणी जिल्ह्यांतच होती, ती १९९९ च्या महाराष्ट्रदिनापर्यंत. तेव्हां मुंबईचें वारें आमच्या ओटीपर्यंत यावयास सत्तरांवर वर्षें लागलीं, यांत सगळाच दोष वाऱ्याचा नाहीं.

असो. माघाच्या अखेरीस सूनबाई व आम्ही मुलास घेऊन नांदेडास गेलों. तेथील बाईंनीं नाडी पाहिली नाहीं, औषध दिलें नाहीं. तासभर त्याच्याशीं खेळल्या. एका पायावर उभा कर, पोटावर निजवून हात-पाय उचलावयास लाव, मातींतून मणी शोधावयास सांग, सदरा काढून पुन्हां घालावयास सांग. मग त्यांनीं त्यास खुर्चीवर बसविलें आणि आम्हांस म्हणाल्या, “गुरुजी, याचे पाय बघा.” पाय लोंबकळत होते. “ज्याचे पाय टेकलेले नाहींत, त्याचें अर्धें बळ स्वतःस सांवरण्यांतच जातें. मग बोटांत बळ कोठून येणार?” आधीं पाय आणि कंबर स्थिर, मग खांदा, मग मनगट, आणि सरतेशेवटीं बोटें, असा हा क्रम. आम्ही आयुष्यभर बोटांपासून आरंभ केला, आणि बाकांखालीं लोंबकळणाऱ्या पायांकडे एकदांही पाहिलें नाहीं!

त्यांनीं सांगितलें कीं, कांहीं मुलांस हालचालीचा बेत मनांत आंखतांच येत नाहीं. हाड, स्नायू, बुद्धि सर्व ठीक. पण ‘हें आधीं, तें नंतर’ हा हुकूम मेंदूकडून हातास नीट पोंचत नाहीं. यास डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर असें लांबलचक नांव असून, शाळेच्या वयाच्या शंभर मुलांत पांच-सहा अशीं असतात. म्हणजे चाळीसांच्या वर्गांत दोन. आम्हीं मनांतल्या मनांत आमचे वर्ग मोजूं लागलों, आणि थोड्या वेळानें मोजणें सोडून दिलें.

मग त्यांनीं विचारलें, “घरांत कामें काय काय असतात?” सूनबाईंनीं सांगितलीं तशीं त्या लिहून घेत गेल्या. त्यांच्या खोलींत झोपाळा, रंगीत माती, खुंट्या, चिमटे असें पुष्कळ सामान होतें. पण त्या म्हणाल्या कीं, आठवड्यांतून एकदां येथें येऊन जें होईल त्याहून रोज घरीं होईल तें अधिक. कणीक तिंबणें हें मातीचें काम. भुईमुगाच्या शेंगा फोडणें आणि मटार सोलणें हें अंगठा व तर्जनी यांचें. ओला पंचा पिळणें हें दोन्ही हातांचें एकत्र. ताक घुसळणें, पाण्याची कळशी उचलून आणणें हें खांद्याचें. देवाच्या वाती वळणें हें सर्वांत अवघड, तें शेवटीं. आमच्या भागांतला म्हणून वाळलेलीं हळकुंडें निवडून वेगळीं करण्याचा उद्योग आम्हीं सुचविला. तो त्यांस पसंत पडला. चिमटींत धरावयाचें, उलटून पाहावयाचें, योग्य टोपलींत टाकावयाचें. येथें आम्हांस मादाम माँटेसोरींची बटणांची चौकट आठवली. त्या स्वतः १९३९ सालीं हिंदुस्थानांत आल्या, आणि ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डीस बालशिक्षणाचें काम मांडलें तें गांवांतल्याच साध्या वस्तू हातीं घेऊन. तीं पुस्तकें आमच्या शाळेच्या कपाटांत होतीं. कपाटास कुलूप होतें.

शिकविण्याची जी रीत बाईंनीं सांगितली तिनें मात्र आम्ही चकित झालों, कारण ती आमच्या रीतीच्या अगदीं उलट. आम्ही धडा आरंभापासून शिकवितों. त्या शेवटापासून शिकवितात. बटण लावणें घ्या. सर्व बटणें मोठ्या माणसानें लावावीं, शेवटचें काजांतून अर्धें बाहेर काढून द्यावें, आणि मुलानें तें फक्त ओढून घ्यावें. झालें, सदरा ‘त्यानें’ घातला! तें साधलें कीं दुसऱ्या आठवड्यांत बटण काजाच्या तोंडाशीं नेऊन सोडावें. मग तेंही त्याजवर. असें मागें मागें येत पहिल्या बटणापर्यंत पोंचावें. यांतील मर्म असें कीं, पहिल्यापासून आरंभ केला तर मूल दर वेळीं मध्येंच हरतें आणि मोठें माणूस तें पुरें करतें. शेवटापासून आरंभ केला तर काम पुरें करणारा दर वेळीं मुलगाच असतो. घनपाठी ब्राह्मण पदें पुढून मागें व मागून पुढें म्हणतात तें आम्हीं लहानपणीं ऐकलें होतें. पण उलट्या वाटेनें बटणापर्यंत जातां येतें हें सुचलें नव्हतें.

जेवणाविषयीं त्यांच्या सूचना अगदीं घरगुती. पाट थोडा उंच ताटासाठीं, आणि मुलानें मांडी नीट घालून भिंतीस पाठ टेकून बसावें. पातळ स्टीलचें ताट घांसाबरोबर सरकतें, म्हणून कांठाचें जड पितळी ताट, व खालीं ओला फडका. पहिले आठ दिवस वरणभात घट्ट, म्हणजे घांस हातांत राहील, आमटी मागाहून. चमचा लागलाच तर त्याच्या दांड्यास कापड गुंडाळून तो जाड करावा. आणि या सर्वांवर एक नियम: मूल अडलें तर मनांत दहा अंक मोजल्यावांचून कोणींही हात पुढें करूं नये.

हा शेवटचा नियम लिहावयास सोपा. ज्या घरांत चौदा माणसें, तेथें अठ्ठावीस हात. आणि एकाचे दहा अंक पुरे होण्याआधीं दुसऱ्याचा हात पुढें आलेला. पहिल्याच दिवशीं आमच्या थोरल्या बहिणीनें, “मेलें, उपाशी राहील पोर,” म्हणून चार घांस भरवले. दुसऱ्या दिवशीं शाळेची वेळ टळूं लागली तेव्हां बूट आम्हींच बांधले. नियम सर्वांस वाचून दाखविणाराच पहिला मोडणारा. तेव्हां बाईंस पुन्हां विचारून असें ठरविलें कीं, सकाळच्या घाईंत मुलास कांहीं शिकवूं नये; संध्याकाळचें जेवण आणि रविवार एवढींच शाळा.

खरी अडचण मात्र अंकांची नव्हती. आमच्या घरांतील कर्तीसवरती बाई म्हणजे मुलाची आजी. पहिले आठ दिवस अर्धा भात पाटाखालीं, खरकटें स्वयंपाकघरभर, तिच्या सोंवळ्याची दैना. हें सर्व तिनें सोसलें. पण एका रात्रीं मागील दारीं ती आम्हांस म्हणाली, “सगळ्यांची लग्नें झालीं, सुना आल्या, चूल माझ्या हातांतून गेली. या एका पोराच्या तोंडाशीं माझा हात पोंचत होता. तोही आतां नांदेडच्या बाईनें काढून घेतला.” आम्हांस यावर उत्तर सुचलें नाहीं. एकत्र कुटुंबांत मुलाचें परावलंबन हें कित्येकदां मोठ्या माणसांच्या उपयोगाचें असतें, हें बोलावयाची सोय नाहीं, पण तें असतें. मूल आपल्यावांचून जेवूं लागलें कीं आपलें काय उरलें, हा प्रश्न त्या माउलीस पडला तो खोटा नव्हता. सूनबाई शहाणी. तिनें दुसऱ्या दिवशीं सासूच्या हातीं वातींचा कापूस दिला आणि म्हणाली, “आत्याबाई, वाती वळावयास याला तुम्हीच शिकवा, मला तुमच्यासारख्या येत नाहींत.” तेव्हांपासून तिन्हीसांजेला आजी-नातवाची वातींची शाळा भरते. आजी अर्धी वात वळून देते, तो पुरी करतो. शेवटापासून शिकविण्याची रीत तिला कोणीं सांगावी लागली नाहीं.

सर्वच गोड झालें असें वाचकांनीं समजूं नये. फाल्गुनांत एकदां त्यानें ताट भिरकावून दिलें. बुटाचे बंद आजही त्यास बांधतां येत नाहींत. बाईंच्या सल्ल्यानें चिकटपट्टीचे बूट आणले. प्रथम आम्हांस ती पळवाट वाटली, पण बंद बांधणें हा मोक्ष नव्हे, घराबाहेर वेळेवर पडणें हें खरें. अक्षर हळूहळू निघतें. वर्गशिक्षिकेनें त्यास लिहावयास अधिक वेळ देण्याचें मान्य केलें आहे.

शिवाय सर्व मुलांचा प्रकार एकच नसतो. नांदेडास आमच्या शेजारीं एक मुलगी बसली होती. मेंदूस जन्मतः इजा होऊन तिची उजवी बाजू आंखडलेली. तिला झगा घालतांना दुबळा हात आधीं बाहींत, आणि काढतांना तोच शेवटीं, हा नियम तिच्या आईनें आम्हांस दाखविला. त्या मुलीस सर्व कपडे स्वतः घालतां येतील कीं नाहीं हें कोणी सांगूं शकत नव्हतें. पण कोणता झगा घालावयाचा हें ती स्वतः सांगत होती, आणि तेंही तेथें पाठांतच धरलेलें होतें. तान्ह्या मुलांच्या आयांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: वर्षाच्या आंतील मूल सदा एकच हात पुढें करीत असेल व दुसरा मिटलेला ठेवीत असेल, अथवा एकदां साधलेली गोष्ट पुन्हां विसरत असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणत बसूं नये, डॉक्टरांस दाखवावें. व्यवसायोपचारकांची नोंदणी व्हावी म्हणून महाराष्ट्रांत २००२ सालचा स्वतंत्र कायदा झालेला आहे. तेव्हां ज्यांच्याकडे जावयाचें त्यांची नोंदणी विचारण्यांत संकोच धरूं नये.

वैशाखांत मुंज झाली. मातृभोजनाच्या वेळीं अष्टवर्गाचे बटु दोहों बाजूंस बसले, मध्यें आमचा नातू आईजवळ. सूनबाईंनीं भरविलेले घांस त्यानें निमूटपणें घेतले. आचमनाच्या वेळीं तळहातावरील पाणी पहिल्यानें सगळें सांडलें, दुसऱ्यानें अर्धें, गुरुजी थांबले. मांडवांत चार-पांच हात पुढें आलेले आम्हीं पाहिले, आणि आजीनें डोळ्यांनीं ते मागें सारले. तिसऱ्यानें पाणी तळहातावर राहिलें. दुपारच्या पंक्तींत तो मुंजा मुलांत जेवावयास बसला. श्रीखंड कोपरापर्यंत, पण हात त्याचा. आजी वाढावयास आली, आणि त्याच्या पानाशीं जरा जास्तच वेळ वांकून उभी राहिली. तो म्हणाला, “आजी, पुढें जा, तिकडे वाढ.”

हस्ताक्षराविषयींचें टिपण आम्हीं पुन्हां लिहावयास घेतलें आहे. तें बाकांच्या उंचीपासून सुरू करावें लागेल, पुढील अंकीं.